फळ्यावरची २६ जानेवारी

मैत्रिणींनो, आमच्या महिला मंडळाचं एक छोटंसं वाचनालय आहे. छोटंसं म्हणजे अगदीच छोटं. दोन खोल्या, चार कपाटं, सहा बाकं आणि दारातच भिंतीला टांगलेला एक काळा फळा. या फळ्यावर रोज सकाळी मी एक प्रश्न लिहिते. आजच्या तारखेला पूर्वी काय घडलं होतं, एवढाच तो प्रश्न. खाली पुठ्ठ्याचा डबा ठेवलाय. ज्याला उत्तर येईल त्यानं चिठ्ठी लिहून टाकायची. शनिवारी चिठ्ठ्या उघडायच्या आणि ज्याची उत्तरं जास्त बरोबर त्याला एक पेन बक्षीस. पेन पाच-दहा रुपयांचंच, पण त्यासाठी काय चुरस असते म्हणून सांगू! तलाठी भरती, पोलिस भरती, स्पर्धा परीक्षा यांचा अभ्यास करणाऱ्या मुली तर येतातच, पण भाजी घेऊन घरी जाणाऱ्या बायाही थांबून फळा वाचतात.

३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ, ३१ मार्चला डॉ. आनंदीबाई जोशी. ही उत्तरं आमच्या मुलींना तोंडपाठ. १ जुलैला वसंतराव नाईकांची जयंती, म्हणजेच कृषी दिन, हेही सगळ्यांना येतं. ते आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, त्यामुळे ते विसरणं शक्यच नाही. पण एका २६ जानेवारीनं माझी चांगलीच फजिती केली. त्याचीच ही गोष्ट.

त्या दिवशी झेंडावंदन होतं, शाळेतल्या पोरांची प्रभातफेरी होती. प्रजासत्ताक दिनाचा प्रश्न विचारायचा तर तो फारच सोपा. म्हणून मी जरा डोकं चालवलं आणि लिहिलं की आज प्रजासत्ताक दिन आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण याच तारखेला आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या कोणत्या लोकनायकाचं निधन झालं? मला वाटलं होतं, डबा चिठ्ठ्यांनी भरून जाईल. भरलाही. पण चिठ्ठ्या उघडल्या तर कुणी जयप्रकाश नारायण लिहिलेलं, कुणी महात्मा गांधी, कुणी वसंतराव नाईक. लोकनायक म्हटलं की जयप्रकाश आणि बापूजी म्हटलं की गांधी, असं गणित डोक्यात पक्कं बसलेलं. एकाही चिठ्ठीत बरोबर उत्तर नव्हतं.

उत्तर होतं, लोकनायक बापूजी अणे. माधव श्रीहरी अणे.

आता मुलींना मी काय बोलणार? खरं सांगते, माझं माहेर वणीचं. बापूजींचा जन्म वणीचा. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. तरी लग्न होऊन इकडे येईपर्यंत अणे हे नाव मला फक्त रस्त्याचं आणि पुतळ्याचं म्हणून माहीत होतं. यवतमाळला त्यांच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. तिथून शिकून आलेल्या मुलीही त्या दिवशी गोंधळल्या होत्या. नाव रोज तोंडात असतं, पण त्या नावामागचं माणूस कधी डोळ्यांसमोर येत नाही. आपल्या घरातल्या आजेसासूबाईंचं नाव तरी आपल्यापैकी कितीजणींना माहीत असतं? तसंच हे.

मग मी पुस्तकं काढली, दोन-चार जुन्या जाणत्यांना विचारलं आणि मंडळात शनिवारच्या शनिवार थोडं थोडं सांगत गेले. तेच आज तुम्हाला सांगते.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा. वडील श्रीहरी, आई जानकीबाई. घरात विद्येचं वातावरण, संस्कृतचे संस्कार. तेव्हा आपला जिल्हा यवतमाळ या नावानं ओळखलाच जात नव्हता. त्याचं नाव वणीवरून होतं. १९०५ मध्ये तो यवतमाळ जिल्हा झाला आणि त्याच वेळी पुसद तालुका वाशीमकडून आपल्याकडे आला. वऱ्हाडचा कारभारही मोठा गमतीचा. प्रांत म्हणायला निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती. म्हणजे सासर एकीकडे, माहेर एकीकडे आणि हुकूम तिसऱ्याचाच, अशी आपल्या मुलखाची गत.

नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून बापूजी अमरावतीला शाळेत शिक्षक झाले. तीन-चार वर्षं मुलांना शिकवलं. मग वकिली शिकून १९०८ च्या सुमारास यवतमाळला आले आणि इथेच वकिली सुरू केली. हे वर्ष लक्षात ठेवा. याच वर्षी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला पाठवण्यात आलं. साऱ्या वऱ्हाडात टिळकांना मानणारी माणसं होती. तरुण वकील अणे त्यांतलेच एक. टिळक हे त्यांचं दैवत. ते शेवटपर्यंत राहिलं.

टिळक सुटून आल्यावर १९१६ मध्ये होमरूल चळवळ सुरू झाली. आपलं राज्य आपल्याला द्या, एवढी साधी मागणी. यवतमाळमध्ये ती चळवळ उभी करण्यात बापूजी पुढे होते. यवतमाळहून त्यांनी लोकमत नावाचं साप्ताहिकही काढलं. आज दिल्ली-मुंबईच्या बातम्या मिनिटात हातातल्या मोबाइलवर येतात. तेव्हा आपल्यासारख्या आडबाजूच्या गावातून स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं म्हणजे केवढी हिंमत! पुढे १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षं ते विदर्भ प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळातही वऱ्हाडातून निवडून गेले. आणि १९२८ मध्ये ग्वाल्हेरला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्षही बापूजी. वकील, पुढारी आणि साहित्यिक, तिन्ही एकाच माणसात.

त्याच १९२८ साली आणखी एक मोठं काम झालं. स्वतंत्र हिंदुस्थानचा कारभार कसा असावा हे ठरवायला मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. तिच्या सदस्यांत आपले बापूजी होते. त्या समितीच्या अहवालात नागरिक म्हणून स्त्री-पुरुषांना समान हक्क असावेत आणि प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला मत असावं, असं मांडलेलं होतं. त्या काळी आपल्या आज्यांना अक्षरओळखही नव्हती, आणि त्यांच्या मताचा हक्क कागदावर येत होता. हे मी सांगितलं तेव्हा आमच्या मुली एकदम गप्प झाल्या. परीक्षेसाठी त्यांनी नेहरू अहवाल १९२८ एवढंच पाठ केलेलं. त्यात आपल्या वणीचा माणूस होता आणि त्यात आपल्यासाठीही काही होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आता १९३० सालाकडे येऊ. मैत्रिणींनो, २६ जानेवारी ही तारीख आधी याच वर्षी गाजली. आदल्या महिन्यात लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला होता. २६ जानेवारी १९३० ला देशभर लोकांनी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. त्याची आठवण म्हणूनच पुढे १९५० मध्ये राज्यघटना लागू करायला हाच दिवस निवडला गेला. मग मार्च-एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. पण आपल्याकडे समुद्र कुठे? विदर्भात मीठ कुठून काढणार? आपल्याकडे होतं जंगल.

जंगलाचं दुःख काय असतं ते आपल्या जिल्ह्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको. चुलीला सरपण लागतं, गोठ्यातल्या गाईला चारा लागतो. मोहफुलं, डिंक, तेंदूची पानं यांवर कितीतरी घरं चालतात. डोक्यावर मोळी घेऊन उन्हातान्हात कोस-कोस चालते ती बाईच. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, १९२७ चा कायदा आणला. मग ज्या रानात बापजाद्यांपासून गुरं चरली तिथे गवताची पेंढी कापणंही गुन्हा ठरलं. दंड, जप्ती, गुरं कोंडवाड्यात. घरचा माणूस शेतावर आणि रखवालदाराच्या तावडीत सापडते मोळीवाली.

म्हणून आपल्याकडे मिठाऐवजी गवताचा सत्याग्रह झाला. बापूजींनी कायदेमंडळातली जागा सोडली आणि १० जुलै १९३० ला पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. पन्नाशीला आलेला, संस्कृतचा पंडित, नावाजलेला वकील हातात विळा घेऊन रानात गवत कापतोय, हे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. त्यांना अटक झाली, तुरुंगात टाकलं. पण तोवर वणवा पेटला होता. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या जंगलात डॉ. हेडगेवारांनी सत्याग्रह केला तोही याच जुलै महिन्यात, २१ तारखेला. गावोगावचे शेतकरी, आदिवासी, विद्यार्थी विळे घेऊन निघाले.

आमच्या वाचनालयात झाडलोट करायला एक मावशी येतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, माहेर पुसदकडचं. मी गवताच्या सत्याग्रहाबद्दल सांगत होते, तेव्हा झाडू बाजूला ठेवून त्या दारातच बसल्या. म्हणाल्या की बापूजी अणे कोण ते आपल्याला ठाऊक नाही, पण गवत कापून जेलात गेलेल्या माणसांची गोष्ट आपली आजी सांगायची. बाया पहाटेच भाकरी थापून त्या फडक्यात बांधून द्यायच्या, कारण माणूस संध्याकाळी घरी येईल की जेलात जाईल याचा भरवसा नसायचा. त्या दिवशी पेन मी मावशींना दिलं. मावशींना लिहिता येत नाही, त्यांनी ते नातवाला दिलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. आपल्या जिल्ह्याचा मोठा माणूस, सत्याग्रही, विद्वान. मुलींनी वह्यांत लिहून घेतलं. १९३३ मध्ये काँग्रेसचे मोठमोठे नेते तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपदाचा भार बापूजींवर आला, हेही मी अभिमानानं सांगितलं. त्या मे महिन्यात गांधीजींनी हरिजनांच्या प्रश्नावर २१ दिवसांचं उपोषण केलं, तेव्हा सहा आठवडे सत्याग्रह थांबवण्याची घोषणा अध्यक्ष म्हणून बापूजींनीच केली होती. दुसऱ्याच वर्षी मात्र जातीय निवाड्याच्या प्रश्नावर त्यांचं काँग्रेसशी पटलं नाही. पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर त्यांनी वेगळा राष्ट्रीय पक्ष काढला. मतभेद झाला म्हणून बापूजी कुणाशी वैर धरून बसले नाहीत. गांधीजींविषयीचा आदर तसाच राहिला.

पण पुढचा शनिवार आला तो १९४१ चा. आणि तिथे माझी जीभ अडखळली.

१९४१ मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. आजच्या भाषेत म्हणायचं तर इंग्रज सरकारात मंत्री झाले. परदेशात राहणाऱ्या हिंदी लोकांचं खातं त्यांच्याकडे होतं. टिळकांच्या अनुयायांचा एक विचार होता, त्याला प्रतियोगी सहकारिता म्हणत. सरकार जिथे लोकांच्या भल्याचं करेल तिथे हात द्यायचा, जिथे वाईट करेल तिथे विरोध करायचा. बापूजी त्या विचाराचे. आत जाऊन आपल्या माणसांचं काही भलं करता येईल, असं त्यांना वाटलं असणार. पण वर्षभरातच १९४२ चा ऑगस्ट उजाडला.

१६ ऑगस्ट १९४२. त्या दिवशी नागपंचमी होती. आपण बाया वारुळाला जातो, झोके बांधतो, त्या दिवशी चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला लोकांनी मिरवणूक काढली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो सगळा मुलूख आधीच जागा झालेला. गोळीबार झाला, माणसं मेली. चिडलेल्या जमावानं सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. मग लष्कर आणि पोलिस गावात घुसले. पुरुषांची धरपकड झाली, उरलेले रानात पळाले. घरात राहिल्या त्या बाया. त्यांच्यावर जे अत्याचार झाले ते लिहिताना आजही हात थरथरतो.

सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी हे ऐकून अस्वस्थ झाले. ते दिल्लीला गेले ते थेट बापूजी अण्यांच्या घरी. कारण सरळ होतं. सरकारात बसलेला विदर्भाचा माणूस म्हणजे बापूजी. त्यांनी चिमूरला यावं, बायांचं म्हणणं ऐकावं, चौकशी करावी, एवढंच भन्साळींचं मागणं. ते मान्य झालं नाही. भन्साळी बापूजींच्या दारातच उपाशी बसले. पोलिसांनी त्यांना तिथून उचलून परत पाठवलं. मग त्यांनी इकडे येऊन उपोषण सुरू केलं. किती दिवस? तब्बल ६३ दिवस. जानेवारी १९४३ मध्ये ते सुटलं.

मी हे सगळं टाळून पुढे राज्यपालपदावर उडी मारणार होते, खोटं कशाला बोलू? वाटलं, आत्ता कुठे मुलींना आपल्या माणसाचा अभिमान वाटायला लागलाय, तर हे कशाला सांगायचं. पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आजोळ चिमूरकडचं. तिनं १६ ऑगस्टच्या चिठ्ठीत चिमूर लिहिलं होतं आणि घरी आजीकडून भन्साळींचंही ऐकलेलं होतं. तिनं सरळ उभं राहून विचारलं की ज्यांनी गवतासाठी तुरुंग पत्करला ते बायांच्या अब्रूसाठी दिल्लीहून चिमूरला का नाही आले? काकू, मग वहीत त्यांना नेमकं काय लिहू, सत्याग्रही की सरकारी?

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी तिला उत्तर देऊ शकले नाही. पुढच्या शनिवारी सांगते म्हणाले आणि घरी आले. रात्री पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात. मुलांच्या बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, एवढं काय, लहान मुलींना चांगलं तेवढं सांगावं. पण त्या काही लहान नाहीत. आमच्या मंडळात घरात मार खाऊन आलेल्या बाया येतात. त्यांच्या बाजूनं बोलायला आम्ही गावातल्या मोठ्या माणसांकडे जातो, तेव्हा ती भली माणसंसुद्धा म्हणतात, आमच्या हातात काय आहे? त्या वेळी मनाला जे लागतं ते मला ठाऊक आहे. मग चिमूरच्या बायांची बाजू मी कशी गाळू?

पुढच्या शनिवारी मी फक्त पुढे काय झालं तेवढं सांगितलं. भन्साळींचं उपोषण सुटल्यावर महिन्याभरातच, १० फेब्रुवारी १९४३ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचं उपोषण सुरू केलं. त्यांचं वय ७३ होतं. ते यातून वाचतील की नाही याची धास्ती साऱ्या देशाला. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळातून तीन हिंदी सदस्यांनी राजीनामा दिला. होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे. मंत्र्याचा दिल्लीतला बंगला आणि मानमरातब सोडून बापूजी बाहेर पडले.

ती मुलगी पुन्हा म्हणाली, म्हणजे गांधीजींसाठी सोडलं, चिमूरसाठी नाही. मी म्हटलं, हो, तसंच आहे. वहीत दोन्ही लिही. १० जुलै १९३० ही लिही, १९४२ चा नोव्हेंबरही लिही आणि १९४३ चा फेब्रुवारीही लिही. माणूस एका तारखेत मावत नाही गं. तुझ्या-माझ्या घरातली माणसं तरी कुठे मावतात? तिला ते पूर्ण पटलं असं नाही. पण तिनं तिन्ही तारखा लिहून घेतल्या.

आणि याच गोष्टीत एका बाईचं नाव येतं, तेही मी त्या दिवशी फळ्यावर लिहिलं. नागपूरच्या अनसूयाबाई काळे. आष्टी आणि चिमूरच्या ज्या लोकांना फाशीची शिक्षा झाली होती, त्यांचे प्राण वाचावेत म्हणून या बाईंनी जिवाचं रान केलं. पुढे स्वातंत्र्यानंतर त्या नागपूरहून लोकसभेवर दोनदा निवडून गेल्या. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

राजीनाम्यानंतर १९४३ मध्येच बापूजी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेले. तिथल्या चहा-रबराच्या मळ्यांवर राबणारे हजारो हिंदी मजूर होते. त्यांत बायाही होत्याच. १९४७ पर्यंत बापूजी तिथे होते. परत आल्यावर ते घटना समितीचे सदस्य झाले. जानेवारी १९४८ मध्ये त्यांची बिहारचे राज्यपाल म्हणून नेमणूक झाली आणि १९५२ पर्यंत ते त्या पदावर होते. वणीचा मुलगा पाटण्याच्या राजभवनात! ज्या घटनेच्या बारा वर्षं आधीच्या... नव्हे, बावीस वर्षं आधीच्या नेहरू अहवालावर त्यांनी काम केलं होतं, ती खरी घटना लागू झाली तेव्हा ते राज्यपाल होते.

म्हातारपणी माणसं घरी बसतात. बापूजी बसले नाहीत. विदर्भाचं वेगळं राज्य व्हावं, ही त्यांची मनापासूनची इच्छा. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली होती. पण ती अमलात आली नाही आणि १ मे १९६० ला विदर्भासह महाराष्ट्र राज्य झालं. वेगळा विदर्भ हवा की नको यावर आपल्या घराघरांत आजही वाद होतात, त्यात मी पडत नाही. पण बापूजींनी त्यासाठी थकल्या वयात निवडणूक लढवली हे खरं. अनसूयाबाई काळेंचं १९५८ मध्ये निधन झालं. त्यांच्या रिकाम्या झालेल्या नागपूरच्या जागेवर १९५९ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ती कोणी जिंकली असेल? बापूजी अण्यांनी. चिमूरच्या लोकांसाठी झटलेल्या बाईंच्या खुर्चीवर, चिमूरला न गेलेले बापूजी बसले. इतिहास असा असतो बघा. १९६२ ला ते पुन्हा अपक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांचं वय ८१ होतं.

आणि हे सगळं चालू असताना ते संस्कृतात श्लोक रचत होते. आपल्या दैवताचं, टिळकांचं सगळं चरित्र त्यांनी संस्कृत महाकाव्यात लिहिलं. श्रीतिलकयशोर्णव त्याचं नाव. म्हणजे टिळकांच्या यशाचा समुद्र. हजारो श्लोकांचा ग्रंथ. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण तो घ्यायला बापूजी हयात नव्हते.

२६ जानेवारी १९६८. प्रजासत्ताक दिनी सरकारनं पद्मविभूषण हा मोठा किताब बापूजींना जाहीर केला. आणि त्याच दिवशी वयाच्या ८८ व्या वर्षी बापूजी गेले. म्हणून मी फळ्यावर तो प्रश्न लिहिला होता.

आता तुम्ही म्हणाल, एका तारखेच्या प्रश्नावरून केवढं पुराण लावलंस! पण खरं सांगू का, त्या फजितीनंतर आमचा फळा बदलला. आता आठवड्यातला एक प्रश्न आपल्या जिल्ह्याचा असतो. मुलीच शोधून आणतात. यवतमाळला मराठी साहित्य संमेलन दोनदा झालं, १९७३ मध्ये आणि २०१९ मध्ये, हे एकीनं आणलं. ११ जानेवारी २०१९ ला त्या दुसऱ्या संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेनं केलं होतं, आणि अध्यक्षपदीही एक बाई, अरुणा ढेरे होत्या, हे दुसरीनं आणलं. मावशींनीही आपली एक तारीख सांगितली. त्यांच्या गावात पहिल्यांदा वीज आली तो दिवस. तारीख त्यांना आठवत नाही, पण त्या दिवशी पोळा होता एवढं पक्कं आठवतं. वर्ष शोधायचं काम मुलींवर आहे.

तुम्हीही करून बघा. फार काही लागत नाही. एक फळा नाहीतर जुनी वही, आणि गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या बायांजवळ बसायला थोडा वेळ. गावात शाळा कधी सुरू झाली, पहिली मुलगी मॅट्रिक कधी झाली, दारूचं दुकान बायांनी कधी बंद पाडलं, हे विचारा. या तारखा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाहीत, आणि सांगणारी माणसं काही कायमची बसून राहणार नाहीत.

२९ ऑगस्ट जवळ आला आहे, बापूजींची जयंती. यंदा त्या दिवशी फळा मी लिहिणार नाही. आजोळ चिमूरचं असलेल्या त्याच मुलीला सांगितलंय. ती काय लिहिणार ते मी विचारलेलं नाही. खडू मात्र तिनं कालच नेऊन ठेवलाय.